व्हेसुव्हियस: आधी एर्कोलानो, मग विवर, पाँपेई दुसऱ्या दिवशी

नेपल्सला आलेले बरेच जण थेट पाँपेई गाठतात आणि एर्कोलानो, म्हणजे जुनं हर्क्युलेनियम, गाळून टाकतात. तसं करू नका. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ.स. 79च्या एकाच उद्रेकाने ही दोन गावं दोन तऱ्हांनी गाडली. दोन्ही पाहिली तरच उद्रेक कळतो.

नेपल्सच्या नापोली गारिबाल्दी स्टेशनहून सोरेंतोची चिरकुमव्हेसुव्हियाना लोकल धरा. एर्कोलानो स्काव्ही साधारण 20 मिनिटांवर. गाडीत खच्चून गर्दी असते, पाकीट सांभाळा. स्टेशनातून समुद्राच्या दिशेने सरळ उतरलं की 10 मिनिटांत अवशेष.

वारा आग्नेयेकडे होता, म्हणून प्युमिसचा, म्हणजे ज्वालामुखीच्या हलक्या सच्छिद्र दगडांचा, मारा पाँपेईवर झाला. हर्क्युलेनियम आधी जवळजवळ कोरडंच राहिलं. मध्यरात्रीनंतर मात्र धगधगत्या वायूचा आणि राखेचा लोट उतरला आणि गाव जवळपास 20 मीटर थराखाली गाडलं गेलं. हवाच न मिळाल्याने लाकूड राख न होता कोळसा झालं: तुळया, पलंग, घरातली लाकडी आडभिंत, सगळं काळंठिक्कर पण जागच्या जागी. होड्या ठेवायच्या कमानींमध्ये सुमारे 300 सांगाडे सापडले. तिथे उभं राहून वर पाहा, मगच थराची उंची अंगावर येते.

विवरासाठी स्टेशनजवळून 1000 मीटर उंचीपर्यंत बस. बसच्या भाड्यात विवराचं तिकीट नसतं! ते आधीच ऑनलाइन, वेळ ठरवून काढा. वर नेटवर्कचा भरवसा नाही. पुढे अर्ध्या तासाची चढण, सुट्या खडीची. पाय उतरताना घसरतो, चपला नकोत. हवा बिघडली तर वाट बंद करतात. काठावरून खोल विवर आणि भिंतीतून निघणारी वाफ दिसते. शेवटचा उद्रेक 1944चा.

पाँपेईला 'पाँपेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी' इथेच उतरा. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी बॅग आत नेता येत नाही. सावली कमी, पण पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. जिथे थरांचा उघडा काप दिसेल तिथे थांबा: खाली पांढरं प्युमिस, वर करडं, त्यावर बारीक राख. आपला सह्याद्रीचा कातळ वाहून साचलेल्या लाव्ह्याचा. हे आकाशातून पडलेलं. प्युमिसच्या ओझ्याने छपरं बसली, राखेत देह कुजून त्यांच्या पोकळ्या उरल्या. उत्खननाचे प्रमुख फिओरेल्ली यांनी 1863मध्ये त्यांत प्लास्टर ओतलं, तेच ठसे आज दिसतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत, पण झुंबड उडते. तो दिवस टाळा.