काना की वेलांटी

मंडळी म्हणजे चर्चची मंडळी आणि मंडळ म्हणजे चर्चमागचा हॉल चालवणारे आम्ही. बोलताना कुणाचाच घोळ होत नाही, कागदावर मात्र होतो. ‘हॉलमधील सर्व साहित्य मंडळाच्या मालकीचे राहील’ आणि ‘हॉलमधील सर्व साहित्य मंडळीच्या मालकीचे राहील’ या दोन वाक्यांत फरक एवढाच की एकीकडे काना आहे आणि दुसरीकडे वेलांटी. आमच्या घटनेच्या पहिल्या टाइप केलेल्या मसुद्यात हे दोन शब्द एकाच पानावर चार वेळा एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. टाइप करणाऱ्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. हाताने लिहिलेला कागद माझाच होता, आणि मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई!

अक्षर चांगलं म्हणून मला सचिव केलं होतं. तोवर हॉलचा कारभार कसा चालायचा, तर चालायचा. सकाळी शिवणवर्ग, संध्याकाळी अभ्यासिका, रविवारी उपासनेनंतर संडे स्कूल. अभ्यासिकेतली निम्म्याहून जास्त मुलं आसपासच्या वस्तीतली, चर्चशी त्यांचा काही संबंध नाही. पैसे खजिनदारकाकांच्या स्वतःच्या बचत खात्यात. माणूस इतका सरळ की कधी कुणी हिशेब मागितला नाही आणि त्यांनी तो न मागता दर महिन्याला दिला. मग एका गृहस्थांनी अभ्यासिकेला सहा संगणक द्यायची तयारी दाखवली आणि विचारलं, “पावती कुठल्या संस्थेच्या नावे?” आमच्याकडे पावतीपुस्तक होतं, संस्था नव्हती.

तर संस्था नोंदवायची. सगळे सांगत होते तसं आम्ही केलं: दुसऱ्या कुणाची तरी घटना आणली आणि नाव बदललं. ती होती एका क्रीडा मंडळाची. आमच्या दुसऱ्या मसुद्यापर्यंत ‘सभासदांना व्यायामाची साधने उपलब्ध करून देणे’ हा उद्देश तसाच राहिला होता. पास्टरेट कमिटीतल्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीतल्या, एका आजोबांनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, “हे कुणासाठी, माझ्यासाठी का?”

शेवटी एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आधी हे समजावलं की आपण ज्याला सरसकट ‘घटना’ म्हणतो ते दोन वेगळे कागद असतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० चा. त्याप्रमाणे किमान सात माणसं लागतात. ती विधानपत्रावर सह्या करतात: संस्थेचं नाव, उद्देश, पहिल्या कार्यकारी मंडळाची नावं, पत्ते, व्यवसाय. दुसरा कागद नियमावलीचा. तिची प्रत खरी असल्याचं कार्यकारी मंडळातल्या किमान तिघांनी प्रमाणित करायचं. नियमावली बदलायची रीत आपण नियमावलीतच लिहू शकतो. उद्देशांचं तसं नाही. उद्देश बदलायचा तर लेखी प्रस्ताव, दहा दिवस आधी सूचना, विशेष सभेत तीनपंचमांश मतं, आणि महिन्याभराने पुन्हा दुसरी विशेष सभा घेऊन पुन्हा तीनपंचमांश मतं.

हे ऐकून मी माझा कागद हळूच उलटा ठेवला. उद्देश क्रमांक दोनमध्ये मी लिहिलं होतं, ‘सायंकाळी ६ ते ९ अभ्यासिका चालविणे’. म्हणजे परीक्षेच्या दिवसांत दहापर्यंत दिवे ठेवायचे झाले तर दोन विशेष सभा! वकीलबाईंनी ते वाचलंच. काही न बोलता वेळ खोडली आणि ‘शैक्षणिक सुविधा’ असं लिहून दिलं.

सदस्य कोण, यावर चार रविवार गेले. ज्येष्ठांचं म्हणणं साधं होतं: दृढीकरण झालेले, म्हणजे कळत्या वयात चर्चमध्ये विधीपूर्वक श्रद्धा कबूल केलेले, आणि मंडळीच्या यादीत नाव असलेले, तेच सदस्य. त्यात दुष्टावा नव्हता. चर्चच्या आवारातला हॉल, उद्या कार्यकारिणीत मंडळीचं एकही माणूस उरलं नाही तर काय, ही भीती होती. शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईंचं म्हणणंही तितकंच साधं होतं. त्या स्वतः चर्चच्या नाहीत. “नऊ वर्षं मी इथं मशिनं पुसते. मला मत नाही?” त्यांनी हे विचारलं तेव्हा कुणी वर बघेना.

गाठ सोडवली ती हिशेब तपासनिसांनी, आणि तीही भावनेने नव्हे, आयकराने. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १३ त्यांनी उघडून दाखवलं. त्या कायद्यानंतर स्थापन झालेली धर्मादाय संस्था एखाद्याच धार्मिक समाजाच्या किंवा जातीच्या हितासाठी असेल तर तिला उत्पन्नावरची सूट मिळत नाही. देणगीदाराला त्याच कायद्यातल्या ८० जी कलमाची करसवलत द्यायची तर धार्मिक कामावरचा खर्च वर्षाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा लागायचा. “तुम्हाला धार्मिक संस्था काढायचीय का? तीही काढता येते. पण मग शिवणवर्गाचं नाव पुढे करू नका,” असं ते स्वच्छ बोलले. नाताळचा कार्यक्रम मंडळीच्या पैशातून करायचा, अभ्यासिकेचं वीजबिल मंडळाच्या, हे त्याच दिवशी ठरलं. खरं सांगायचं तर हा वाद आपल्याआपण माणुसकीवर सुटायला हवा होता. कायद्याची काठी लागली, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं.

अठरा वर्षं पूर्ण झालेली, वर्गणी भरणारी, उद्देश मान्य असलेली कुणीही व्यक्ती सदस्य, असा नियम झाला. अकरा जणांच्या कार्यकारी मंडळात आठ निवडून आलेले आणि तीन पास्टरेट कमिटीने नेमलेले. तिघांमुळे बहुमत होत नाही, पण चर्चचा आवाज आत राहतो. वर्गणीबद्दल आम्ही फार विचार केला नव्हता. कायद्याने मात्र केलाय: तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर त्या सदस्याला मत नाही, तो मोजणीतही धरायचा नाही. हे वाचून दाखवल्यावर खजिनदारकाकांकडे त्याच संध्याकाळी रांग लागली.

पाळकसाहेब पदसिद्ध अध्यक्ष असतील, हे तर कुणी चर्चेलाही घेतलं नव्हतं, इतकं ते गृहीत होतं. ते खुद्द पाळकसाहेबांनीच मोडलं. महाराष्ट्रात अशी धर्मादाय संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था (पब्लिक ट्रस्ट) कायद्याखालीही येते. विश्वस्तांमध्ये, म्हणजे आमच्या बाबतीत कार्यकारी मंडळात, कुठलाही बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याचा चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. राजीनामा, मृत्यू, निवडणूक, सगळ्याला. पाळकसाहेब म्हणाले, “बदली माझी होते, तुमची नाही. माझ्या प्रत्येक बदलीला तुम्ही कार्यालयात जाणार, आणि नवा माणूस येऊन रुळेपर्यंत बँकेत सही कुणाची?” त्यांच्याच सूचनेवरून नियम झाला: पाळक हे कायम निमंत्रित, प्रत्येक सभेची सूचना त्यांना द्यायची, बोलण्याचा हक्क पूर्ण, मत नाही, बँकेत सही नाही. दोन ज्येष्ठांनी त्या सभेनंतर महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. जणू मी पाळकसाहेबांना खुर्चीवरून उठवलं होतं.

खुर्च्यांवरून आठवलं. आता त्या काना-वेलांटीकडे यायला हवं.

हॉल कुणाचा, यावर सगळ्यांचं एकमत होतं: आपला. आपल्या आजोबांनी विटा वाहिल्यात. मी मसुद्यात झोकात लिहिलं, ‘मंडळी सदर हॉल तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मंडळास देत आहे.’ वकीलबाईंनी विचारलं, मालमत्तेच्या पत्रकावर नाव कुणाचं? आमचं चर्च ज्यात मोडतं ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपूरला स्थापन झालं, त्याच्याही आधीची ही मिशनची जागा. कागदावर ती स्थानिक मंडळीच्या नावे कधीच नव्हती. मालमत्ता सांभाळणारा ट्रस्ट वेगळा. म्हणजे जी वस्तू देणाऱ्याची नाही ती घेणारा घेत होता, आणि दोन्ही बाजूंनी सह्या करणारी माणसं जवळजवळ तीच. शिवाय सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कलम ३६. तीस वर्षांचं स्वप्न तिथेच आटोपलं. आम्ही ट्रस्टकडून हॉल वापरण्याची लेखी परवानगी घेतली, ठरावीक मुदतीची आणि नूतनीकरण करता येईल अशी. नियमावलीत लिहिलं की हॉलवर संस्थेचा मालकी हक्क नाही आणि पुढेही सांगितला जाणार नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात जड झाला होता, कारण त्या विटांमध्ये माझेही आजोबा होते.

हॉल सुटला, साहित्य राहिलं. एका शनिवारी आम्ही पाच जण वही घेऊन बसलो. शाळेत डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही, लिहिलेलं असल्याने मला वाटलं तासाभराचं काम आहे. पहिल्याच खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात कुणाच्या तरी आईच्या ‘स्मरणार्थ’ लिहिलेलं. ही खुर्ची त्या कुटुंबाने चर्चला दिली की हॉलला? त्यांच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आईला दिली.” याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? अशा एकोणीस खुर्च्या निघाल्या. पेटी चर्चची, पण सूर लावून आणला शिवणवर्गाच्या पैशाने. पंखे छताला लावलेले, म्हणून हॉलबरोबर जाणार असं एकाचं म्हणणं. स्क्रू काढले की ते साहित्यच, असं दुसऱ्याचं. रात्री साडेनऊला यादी पूर्ण झाली, तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि ती नियमावलीला परिशिष्ट म्हणून जोडली. स्मरणार्थ खुर्च्या चर्चच्या, वापर संस्थेचा. पंखे चर्चचे, दुरुस्ती संस्थेची.

त्यानंतर मी सगळा मसुदा लाल आणि निळी पेन्सिल घेऊन वाचला. मंडळी दिसली की लाल, मंडळ दिसलं की निळी. दुसऱ्याच पानावर लक्षात आलं की ‘मंडळींनी’ हा शब्द मी एका ठिकाणी ‘उपस्थित लोकांनी’ या अर्थानेही वापरलाय. तिसरी पेन्सिल माझ्याकडे नव्हती. तेव्हा नियम क्रमांक एकमध्ये व्याख्या घातली: या नियमावलीत ‘चर्च’ म्हणजे अमुक, ‘संस्था’ म्हणजे अमुक. पुढे सगळीकडे हेच दोन शब्द, मंडळी आणि मंडळ दोन्ही हद्दपार. भाषा थोडी कोरडी झाली, पण पंख्याच्या दुरुस्तीचं बिल कुणाचं हे आता कुणालाही कळतं.

बाकीचं भराभर झालं. अमेरिकेतल्या भावाकडून पैसे आणतो, असं एक जण म्हणाला. भावाचा पासपोर्ट आता अमेरिकेचा आहे हे कळल्यावर विदेशी देणगीच्या कायद्याची नोंदणी लागेल म्हणून ते बाजूला ठेवलं. विसर्जनाच्या नियमावर कुजबुज झाली, “नामकरणाआधीच मर्तिक कशाला?” पण संस्था बंद झाली तर उरलेलं सदस्यांनी वाटून घ्यायचं नाही, ते दुसऱ्या संस्थेकडे जाईल, हे १८६० पासून कायद्यातच आहे.

अर्जाची फाइल पहिल्यांदा त्रुटी निघून परत आली. चूक आमचीच होती. जागेच्या नाहरकत पत्रावर आम्ही स्थानिक कमिटीची सही घेतली होती. मालकी ट्रस्टची असं नियमावलीत स्वतःच लिहून, पत्र मात्र भलत्याचं जोडलं होतं. ते बदलल्यावर संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं, आणि विश्वस्तव्यवस्था नोंदणीच्या वेगळ्या अर्जानंतर ‘एफ’ने सुरू होणारा दुसरा क्रमांक. खजिनदारकाकांनी त्यांच्या बचत खात्यातली शेवटची रक्कम नव्या खात्यात भरली आणि स्लिप माझ्या हातात देऊन म्हणाले, “आता माझी झोप माझी.”

गणपूर्तीचं, म्हणजे सभेला किमान किती जण हवेत त्याचं, सांगायचं राहिलं. मी आधी दोनतृतीयांश लिहिली होती, रुबाबदार वाटते म्हणून. वकीलबाईंनी गेल्या तीन बैठकांची हजेरी मागितली. बावन्न जणांत चौदा, अकरा, सतरा. “मग तुमची संस्था कधीच काही ठरवू शकणार नाही.” तेव्हा एकतृतीयांश केली, आणि त्याखाली नेहमीचं कलम: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी, त्याच विषयांसाठी पुन्हा भरेल, तिला गणपूर्तीचे बंधन नाही, उद्देशबदलाला मात्र ही सूट नाही.

पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी अकराला ठेवली होती. त्या दिवशी उपदेश लांबला. अकरा वाजता हॉलमध्ये आम्ही बारा जण होतो, हवे होते अठरा. अध्यक्षांनी सभा तहकूब झाल्याचं जाहीर केलं आणि मी इतिवृत्तात तसं लिहिलं. मग आम्ही बाराही जण तिथेच, त्याच स्मरणार्थ खुर्च्यांवर, चर्चमधलं शेवटचं गीत ऐकत अर्धा तास बसून राहिलो. साडेअकराला अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, घसा साफ केला आणि आमचं नव्याने स्वागत केलं.