एक वीत आणि चार बोटं

परवा धाकट्या चुलतभावाचा नगरहून फोन आला. "ताई, २०२६ ला ग्लासगोला आपली पदकं घटणार म्हणे?"

घटणारच. या राष्ट्रकुल स्पर्धेत खेळ ठेवलेत दहाच. कुस्ती, बॅडमिंटन, टेबल टेनिस, हॉकी, स्क्वॉश, क्रिकेट, सगळं वगळलं. २०२२ ला इथे बर्मिंगहॅमला आपण ६१ पदकं घेतली होती, २२ सुवर्ण, १६ रौप्य, २३ कांस्य. त्यातली ३० पदकं नेमकी या सहा खेळांतली, आणि एकट्या कुस्तीची १२. म्हणजे जवळजवळ अर्धं ताट आधीच काढून घेतलंय. उद्या आकडा खाली आला तर पोरांना बोल लावू नका, एवढंच मी त्याला कळकळीनं सांगितलं. बर्मिंगहॅमच्या वेळीही असंच झालं होतं. २०१८ ला गोल्ड कोस्टला आपली ६६ पदकं होती आणि त्यातली १६ नेमबाजीची. बर्मिंगहॅमला नेमबाजीच नव्हती, तरीही आपण ६१ वर गेलो आणि ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, कॅनडाच्या मागोमाग चौथे आलो.

पण मी हे लिहायला बसले ते त्या तक्त्यासाठी नाही. त्या १६ रौप्यांतलं एक मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यासाठी.

६ ऑगस्ट, शनिवार. त्या दिवशी बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांची मोठी पंचाईत होती. एजबॅस्टनला क्रिकेटमध्ये आपल्या मुलींची इंग्लंडशी उपांत्य लढत आणि त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरी बारच्या अलेक्झांडर स्टेडियमवर, अविनाश साबळेची तीन हजार मीटर स्टीपलचेस. ऑफिसातले सगळे भारतीय एजबॅस्टनला गेले. मी पेरी बारची बस धरली. माझं आजोळ कड्याचं, बीडकडच्या आष्टी तालुक्यातलं. अविनाश त्याच तालुक्यातल्या मांडव्याचा. आईवडील वीटभट्टीवर राबलेले, शाळा सहा किलोमीटरवर, बारावीनंतर फौजेत, महार रेजिमेंट, सियाचीन. त्या भागातल्या मुरमाड रानातून मी लहानपणी चालले आहे. तिथला पोरगा माझ्या घरापासून बसच्या अंतरावर पळणार आणि मी क्रिकेट बघत बसणार? जमलंच नसतं.

आधी चालण्याची शर्यत झाली, दहा हजार मीटरची. प्रियांका गोस्वामीनं रौप्य घेतलं. नंतर तिच्या हातात बाळकृष्णाची छोटी मूर्ती होती आणि आमच्या रांगेतल्या एका आजींनी ती बघून तिथूनच हात जोडले.

माझ्या शेजारी एक गुजराती काका बसले होते, केनियाचा झेंडा घेऊन. जन्म नैरोबीचा, तरुणपणी इकडे आलेले. बर्मिंगहॅममध्ये अशी पुष्कळ कुटुंबं आहेत, पूर्व आफ्रिकेतून आलेली. माझ्या हातातला तिरंगा बघून काका प्रेमानं म्हणाले, "बेटा, ये रेस तो हमारी है." खरंच होतं ते. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच्याच गळ्यात गेली होती. सुवर्ण नव्हे, तिन्ही. दुसऱ्या देशाला उभं राहायला पायरीच नाही.

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. साडेसात फेऱ्या, २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी. अडथळा म्हणजे जाडजूड लाकडी तुळई, पाय लागला तर ती पडत नाही, माणूस पडतो. टीव्हीवर त्या पाण्याचा आवाज कळत नाही. आम्ही वळणाजवळच होतो. तुळईवर बुटाचा ठप्प आवाज, मग पाण्याचा धप्पकन, की लगेच ओले बूट पुन्हा ट्रॅकवर. दर फेरीला तेच, आणि दर फेरीला पुढे केनियाचे तिघे आणि त्यांना चिकटून आपला एक.

शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा मी उभी होते, काकाही उभे होते. अविनाशनं एकेकाला मागे टाकलं. शेवटी पुढे उरला फक्त अब्राहम किबिवोट. शेवटच्या सरळ पट्ट्यात अंतर असं काही मिटत गेलं की मला वाटलं झालं, गाठलाच! रेषेवर दोघं जवळजवळ एकत्रच पोचले.

किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंद. साबळे ८ मिनिटं ११.२०. राष्ट्रीय विक्रम, जूनमधल्या त्याच्याच विक्रमापेक्षा सव्वा सेकंदाहून जास्त चांगला.

काकांनी झेंडा खाली ठेवला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. काही बोलले नाहीत. मलाही बोलता येत नव्हतं.

पदकतालिकेत आधी सुवर्ण मोजतात, रौप्यं कितीही असोत ती मागून येतात. नियम आहे, ठीक आहे. पण आपल्या त्या ६१ पदकांत सगळ्यात मोठं कुठलं असं मला विचाराल, तर मी हेच सांगेन. इतक्या वर्षांची केनियाची भिंत त्या दिवशी पडली, आणि ती पाडली आमच्या आष्टीकडच्या पोरानं. सांगलीच्या संकेत सरगरचं रौप्यही तसंच, थोडक्यात सुवर्ण हुकलेलं. आपलं या स्पर्धेतलं पहिलं पदक त्याचं, ३० जुलैचं, वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो वजनगटातलं. वडिलांची चहाची आणि पानाची टपरी. त्यानं एकूण २४८ किलो उचललं, मलेशियाच्या खेळाडूनं २४९. एक किलो! १३९ किलोच्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तो पुन्हा उचलायला आला. पदक घ्यायला उभा राहिला तेव्हा हात झोळीत होता. लांब उडीत मुरली श्रीशंकर ८.०८ मीटर, पहिला आलेलाही ८.०८ मीटर, निकाल लागला तो दुसऱ्या क्रमांकाच्या उडीवर. तक्त्यात या सगळ्यांपुढे नुसतं 'रौप्य' एवढंच.

परतीच्या बसमध्ये फोन उघडला तर स्मृती मानधनाच्या ३२ चेंडूंत ६१. थोड्या वेळानं निकाल आला, चार धावांनी जिंकलो. (दुसऱ्या दिवशी अंतिम सामना नऊ धावांनी गेला, त्याबद्दल मी अजूनही नीट बोलू शकत नाही.)

मग बाबांचा व्हिडिओ कॉल. बाबांनी जन्मभर सुतारकाम केलं. त्यांना सेकंदाचे शतांश सांगून काय उपयोग?

"पाच शतांश म्हणजे किती गं? अंतरात सांग."

मी बसमध्येच हिशेब केला. "फूटभर, बाबा. जेमतेम."

त्यांनी फोन आईच्या हातात दिला, ओट्यावर हात पसरला, एक वीत मोजली, तिच्या पुढे चार बोटं ठेवली. बराच वेळ हात तिथून उचलला नाही.

"एवढंच?" ते म्हणाले. मग आईला, "अगं, हे बघ. एवढंच राहिलं."