व्हेल शार्क आणि ॲटलास पतंग: वाचवायचं तर कसं?

दिव्यावर आलेल्या ॲटलास पतंगापुढे कुणी साखरपाणी ठेवतं, तर जाळ्यात सापडलेल्या व्हेल शार्कला कुणी शेपटीला दोर बांधून ओढत नेतं. हेतू चांगला, पण दोन्ही उपाय चुकीचे.

ॲटलासच्या पंखांचा विस्तार २४ सेंटिमीटरपर्यंत जातो, पण प्रौढ पतंगाची सोंड खुरटलेली, निकामी असते. खाणं सगळं सुरवंट असतानाच उरकतं आणि त्या साठवलेल्या चरबीवर पुढचे एक-दोन आठवडे निघतात. मादी कोशाजवळ बसून गंध सोडते, नर पिसांसारख्या रुंद मिशांनी त्याचा माग काढतो. दिव्याभोवती घिरट्या घालण्यात नराची चरबी फुकट जाते, म्हणून आधी दिवा बंद करा. हलवायचाच असेल तर पुढच्या पायांखाली पुठ्ठा सरकवा, तो आपसूक चढतो. मग सावलीतल्या फांदीवर सोडा. पंख चिमटीत धरू नका. बोटांना लागते ती पूड म्हणजे त्याचे खवले, आणि गेलेले खवले पुन्हा येत नाहीत.

खवले शार्कलाही असतात, पण घडण दातासारखी: आत गर, त्यावर डेंटिन, वर कठीण थर. ते झडले तर नवे येतात. व्हेल शार्कच्या तर डोळ्यांवरही ते आहेत! त्यामुळे कातडीपेक्षा काळजी वजनाची. सांगाडा कूर्चेचा, बरगड्यांचा पिंजरा नाही. पाण्यात असेपर्यंत भार पाणी पेलतं. पुळणीवर आला की स्वतःच्याच वजनाने आतले अवयव दबतात. शेपटीकडून ओढलं तर कल्ल्यांतला पाण्याचा प्रवाहही उलटा होतो, श्वास कोंडतो.

म्हणून तो पाण्यात असतानाच जाळं कापायचं. आधी कल्ल्यांजवळचं, मग छातीच्या परांजवळचं. शेपटीच्या टप्प्यात कुणी उभं राहू नये, आणि त्याच्या तोंडापुढची खोल पाण्याकडची वाट मोकळी ठेवावी. जाळ्याचं नुकसान होतं हे खरं, पण महाराष्ट्रात वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. २००१ पासून हा मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. वयात यायलाच त्याला साधारण २५ वर्षं लागतात. ॲटलासची अख्खी पिढी काही महिन्यांत उलटते. एक मोठा शार्क गेला तर ती जागा लवकर भरत नाही.

भरपाईसाठी सुटकेचे फोटो लागतातच. त्यांत एक डाव्या बाजूचा, कल्ल्यांच्या लगेच मागचा भाग दिसेल असा घ्या. तिथल्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. तोच शार्क पुढे दुसऱ्या किनाऱ्यावर दिसला तर तिच्यावरून ओळखता येतो.