अर्ध्या घराची मालकीण

समान नागरी कायद्याची चर्चा देशात कुठेही निघाली की गोव्याचे नाव घेतले जाते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात गोव्याचा गौरवाने उल्लेख केला होता. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१०चे विवाह व घटस्फोटाचे कायदे मुक्तीनंतरही येथे चालू राहिले, आणि त्यांच्याखाली हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्वांच्या विवाहाची नोंद एकाच कार्यालयात होते. माझेही लग्न याच कायद्याखाली झाले आणि आता घटस्फोटासाठी मी याच कायद्याखाली न्यायालयात जात आहे. त्यामुळे कागदावर मला काय मिळाले होते आणि प्रत्यक्षात त्यातले काय हाती आले, हे मला लिहून ठेवावेसे वाटते. माझ्यासारख्या ज्या बायका आज डिचोलीत, फोंड्यात किंवा पेडण्यात दाराला आतून कडी लावून बसल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

गोव्यात लग्नाआधी सह्या होतात. निबंधक कार्यालयात पहिली सही, ठरावीक मुदत उलटल्यावर दुसरी सही, आणि मग मांडवातले लग्न, असा आपल्याकडचा क्रम सर्वांना माहीत आहे. माझ्या सह्यांच्या दिवशी दोन्हीकडची माणसे नटूनथटून आली होती. आम्ही फोटो काढले, हॉटेलात जेवलो आणि घरी परतलो. त्या सहीने नेमके काय झाले, हे तिथे कोणी सांगितले नाही. कोणी सांगायचे असते असेही कोणाला वाटत नव्हते. लग्नापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केलेला नसेल, तर विवाहानंतर पतिपत्नीची मालमत्ता, काही अपवाद सोडल्यास, सामाईक होते आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. लग्नाआधीची, लग्नानंतर घेतलेली आणि वारशाने आलेलीही मालमत्ता त्यात येते. ही व्यवस्था लग्नानंतर बदलता येत नाही, आणि घर किंवा जमीन विकायची तर पत्नीचीही सही लागते. एवढी मोठी गोष्ट माझ्या नावावर झाली होती आणि घरी येताना गाडीत आम्ही साड्यांविषयी बोलत होतो.

संसाराविषयी मी थोडक्यात लिहीन. माझा नवरा गावात सुस्वभावी म्हणून ओळखला जात असे. देवळाच्या कामात तो पुढे असे, कोणाच्याही घरी आजारपण आले की गाडी काढीत असे. घरी मात्र माझा फोन तपासला जाई, नोकरी पहिल्याच वर्षी सोडावी लागली, बँकेचे कार्ड त्याच्या पाकिटात राही, आणि हात उगारला जाई तो बाहेरच्या कोणाला खुणा दिसणार नाहीत अशा बेताने. दुसऱ्या दिवशी तो रडून क्षमा मागत असे. त्यानंतरचे काही दिवस इतके चांगले जात की आदल्या रात्रीचे मला स्वतःलाच खरे वाटेनासे होई. वाड्यावरच्या काकींना भिंतीपलीकडून सर्व ऐकू येत असणार, कारण सकाळी विहिरीवर त्या माझ्याकडे पाहत नसत. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्या वेळी याहून वाईट होते, बाय." त्या खोटे बोलत नव्हत्या, आणि त्यांचे ते वाक्य मला मारापेक्षाही अधिक भिववून गेले.

बाहेर पडण्याचा निर्णय एका रात्रीत झाला नाही आणि तो तसा होऊही नये, असे माझे ठाम मत आहे. बाई जायला निघाली आहे हे पुरुषाला कळते, तो काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून मी आधी कागद बाहेर काढले: आधार कार्ड, पदवीची प्रमाणपत्रे, मुलीचा जन्मदाखला, पासबुक. ते एकेक करून एका जुन्या मैत्रिणीकडे पोहोचवले. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा मनगटाची सूज दाखवायला गेले असता तिथल्या डॉक्टर बाईंनी "खरे काय झाले ते सांगितलेत तर मी तसेच लिहीन" असे म्हटले, आणि मी सांगितले. पुढे न्यायालयात माझ्या वतीने सर्वांत स्पष्ट बोलला तो त्यांच्या हस्ताक्षरातला केसपेपर. मारहाणीनंतर घरगुती हळद लावून बसणाऱ्या प्रत्येक बाईला मला हात जोडून सांगायचे आहे की सरकारी दवाखान्यात जा आणि खरे कारण नोंदवून घ्या, मग तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवा.

गावच्या जत्रेच्या दिवशी सारे घर देवळात असताना मी मुलीला घेऊन बाहेर पडले. साखळीला कदंबची बस बदलून वाळपईला उतरले, आणि तिथून पुढे सत्तरीतल्या माझ्या माहेरच्या गावी गेले. बाबांनी काही विचारले नाही. "आलीस ते बरे केलेस," एवढेच ते म्हणाले.

माहेर म्हटले की सर्व प्रश्न मिटले असे आपण समजतो, आणि आपल्या राज्यात ते तसे का मिटत नाहीत यावर कोणी बोलत नाही. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखा आहे. आईवडिलांच्या मालमत्तेचा अर्धा भाग वारसांसाठी राखीव असतो आणि मुलीला त्यातून सहजासहजी वगळता येत नाही. पण व्यवहारात वडिलांच्या पश्चात बहिणी भावासाठी हक्क सोडतात आणि तशी सही करून देतात. माझ्या दोन्ही आत्यांनी ती केली, आणि त्यांच्या त्या सहीचे कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले. दिल्या घरी नांदणारी बहीण अशी सही करील हे गृहीत असते. परत आलेली बहीण ती करील की नाही, याची मात्र कोणाला खात्री नसते. मी घरात पाऊल ठेवल्यावर काही दिवसांतच वहिनीचा स्वर बदलला. दादा माझ्याशी बोलताना वर बघेनासा झाला. मी त्यांना दोष देत नाही, कारण तेही त्याच घरावर कर्ज काढून दुरुस्ती करीत होते. परंतु भीती कशाची होती हे सर्वांना कळत होते, आणि "नवराबायकोत भांडणे व्हायचीच, परत जा" या सल्ल्यामागे माझ्या संसाराच्या काळजीबरोबर घराच्या वाटणीची काळजीही होती. बाईला सासरी अर्धे आणि माहेरी भावाइतके देणाऱ्या प्रदेशात ती रात्री कोठे झोपणार हा प्रश्न उरतो, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

उत्तर मिळाले ते २००५च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात. हा केंद्राचा कायदा आहे आणि तो आमच्या जुन्या कायद्यांच्या बरोबरीने गोव्यातही लागू होतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे मी गेले तेव्हा खर्चाची चिंता होती. तिथे कळले की स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही; स्त्री असणे पुरेसे आहे. अर्ज नवऱ्याच्या गावच्या न्यायालयातच करावा लागतो असे मला वाटत होते, पण आपण तात्पुरत्या जिथे राहतो तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही तो करता येतो. संरक्षणाचा आदेश, राहण्याचा हक्क, खर्चासाठी रक्कम, मुलीचा ताबा, स्त्रीधन परत मिळणे, हे सर्व एकाच अर्जात मागता येते. सासऱ्यांच्या नावावरच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. मला त्या घरात परतायचे नव्हते, म्हणून मी भाड्याची रक्कम मागितली. अशा अर्जाचा निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. माझ्या बाबतीत त्याहून पुष्कळ अधिक काळ गेला. पण त्याने माझ्याजवळ फिरकू नये असा अंतरिम आदेश लवकर मिळाला आणि त्या कागदामुळे मला झोप लागू लागली.

याच सुमारास सासरकडची दोन वडीलधारी माणसे बोलणी करायला आली. त्यांच्याजवळ टाइप केलेला मसुदा होता. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा, मुलगी माझ्याकडे राहील, आणि लग्नानंतर साखळीत घेतलेल्या फ्लॅटवर तसेच इतर कोणत्याही मालमत्तेवर माझा हक्क नाही असे मी मान्य करायचे. "तुला मोकळे व्हायचे आहे ना? मग एक सही कर आणि हो मोकळी," असे त्यांच्यातले थोरले काका समजुतीच्या सुरात म्हणाले. बाबा गप्प होते. आई चहाचा ट्रे हातात धरून दारात उभी होती. मी मसुदा ठेवून घेतला, वकील बाईंना दाखवला, आणि सही केली नाही. तो फ्लॅट कर्जाने घेतला होता, हप्ते नवऱ्याच्या पगारातून गेले होते, हे खरे आहे. आणि त्याच वर्षांत माझी नोकरी सोडायला लावून माझ्याकडून घर चालवून घेतले गेले, हेही तितकेच खरे आहे. कायद्याने त्यातला अर्धा वाटा मला दिला आहे, तो दान म्हणून नव्हे. मारातून सुटण्याची किंमत म्हणून बाईने घर सोडून द्यावे, हा सौदा आपल्याकडे इतका रुळला आहे की तो मांडणाऱ्या भल्या माणसांनाही त्यात काही वावगे दिसत नाही.

कायद्याची उणीवही सांगायला हवी. जुन्या संहितेनुसार सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती असतो. त्यामुळे संसार चालू असताना माझा अर्धा वाटा माझ्या पर्समध्ये बसच्या तिकिटाएवढाही उतरला नाही. वाटा हाती येतो तो विवाह संपून वाटणी झाल्यावर, आणि तोवर बाईने खायचे काय, याचे उत्तर तिला स्वतःच शोधावे लागते. म्हणून मी म्हापशाला आले. एका औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे बिलिंगचे काम मिळाले, आणि संध्याकाळच्या वर्गात टॅली नव्याने शिकले, कारण मी कॉलेजात शिकलेले हिशेब आता संगणकावर वेगळ्याच रीतीने होत होते. खोली शोधताना "मिस्टर काय करतात?" हा प्रश्न दारोदारी आला. शेवटी एका वयस्कर आंटीने आधार कार्डाची प्रत घेतली, पोलिसांचा भाडेकरू पडताळणीचा अर्ज भरून घेतला, आणि वीजबिल वेळेवर भरायचे एवढे बजावून किल्ली दिली. मुलीच्या शाळेचा प्रश्न मोठा वाटत होता, कारण जुन्या शाळेकडून दाखला मिळण्यात अडथळे येत होते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, हे नव्या मुख्याध्यापिकांनाच ठाऊक होते, आणि त्यांनी तिला त्याच आठवड्यात वर्गात बसवले.

चवथ मात्र कठीण गेली. गोव्यात गणपती मूळ घरात येतो आणि त्या दिवसांत सारी इमारत रिकामी होते. प्रत्येकाला जायला गाव असते. सासरच्या माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या आराशीखाली, मी इतकी वर्षे उभी राहिले होते, तिथे आता जाणे नव्हते, आणि माहेरी दादाकडे त्याच्या सासरची माणसे येणार होती. मुलीने बाजारातून आंबाडे, तोरिंगण आणि सुपारीचा छोटा घोस आणायला लावला, आणि खिडकीच्या गजांना तिच्या हाताला पोचेल अशी माटोळी बांधली. त्या दिवशी आंटीने आम्हाला आपल्या जेवणाच्या टेबलावर बसवले आणि आमच्यासाठी म्हणून मुद्दाम शाकाहारी रांधले. माझ्या नात्यातल्या कोणी तेवढा विचार केला नव्हता.

घटस्फोटाचा दावा चालू आहे आणि वाटणी त्यानंतरच होईल, तोवर फ्लॅटही विकला जाणार नाही, कारण त्यासाठी माझी सही लागते. मध्यंतरी एका नात्यातल्या मुलीने रात्री उशिरा फोन करून विचारले की बाहेर पडण्याआधी काय करावे. मी तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा आणि तातडीसाठी ११२ हा क्रमांक पाठ करायला सांगितला, बायलांचो साद या संघटनेविषयी सांगितले, आणि सर्वांत आधी ज्या तालुक्यात सह्या झाल्या तिथल्या नागरी निबंधक कार्यालयातून विवाह नोंदणीची प्रमाणित नक्कल काढून ती माझ्याकडे आणून ठेवायला सांगितली. मूळ दाखला नवऱ्याच्या कपाटात कुलपात आहे, असे ती म्हणाली. तो तिथेच राहू दे, मी तिला म्हटले. नक्कल काढायला त्याला विचारावे लागत नाही.