झऱ्याचं पाणी, गोटीची बाटली

सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलची पाळी सुटली की आमच्या सोड्याच्या गाडीभोवती गर्दी व्हायची. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर तासन्‌तास मागावर उभं राहणं, पोटाचं दुसरं काय होणार! "अण्णा, लई गच्च झालंय, एक खारा मारा." अण्णा म्हणजे माझे वडील. बाटली हातात घेण्याआधी ते विचारायचे, "ढेकर आंबट येतोय का साधा?" आंबट म्हटलं की सोडा मिळायचा नाही. "तुला पित्त झालंय. घरी जा, ताक पी, उपाशी झोपू नको." समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचे! आईची त्यावरून रोज कटकट असायची, पण अण्णांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

अण्णा गेल्यावर मी या धंद्याचा इतिहास वाचायला घेतला आणि जाणवलं की ते जे करत होते तेच या धंद्याचं मूळ आहे. सोडावॉटर जन्माला आलं ते औषध म्हणून, तेही निसर्गातल्या झऱ्याची नक्कल म्हणून.

युरोपात जमिनीतून बुडबुडे घेऊन वर येणाऱ्या पाण्याचे झरे आहेत. जर्मनीतलं सेल्टर्स, पिरमाँट ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. संधिवात, यकृत, पोट, कशावरही डॉक्टर हे पाणी लिहून द्यायचे. ज्याच्याकडे पैसा तो तिथे जाऊन महिनाभर राहायचा, बाकीच्यांसाठी मातीच्या बरण्यांत भरून ते पाणी देशोदेशी जायचं. इंग्लंडमध्ये लीड्सला जोसेफ प्रीस्टली नावाचे धर्मोपदेशक दारूच्या भट्टीशेजारी राहत होते. आंबवणाच्या पिंपावर जो वायू साठतो तो पाण्यात मुरवता येतो, हे त्यांनी १७६७ मध्ये पाहिलं. १७७२ मध्ये त्यांनी त्याची कृतीच छापली. पिरमाँटसारखं पाणी घरी तयार व्हावं हा त्यांचा हेतू होता. खलाशांच्या हिरड्या सडवणाऱ्या स्कर्व्हीवर हे पाणी चालेल अशी आशा होती, म्हणून कॅप्टन कुकच्या जहाजावरही ही कृती पाठवली गेली. स्कर्व्हीवर त्याचा काही उपयोग झाला नाही, तिथे लिंबूच लागतं. पुढे १७८३ मध्ये जिनिव्हात याकोब श्वेप यांनी अशा पाण्याचा कारखानाच घातला.

आता हे सगळं हिंदुस्थानात कसं आलं? साहेबाच्या पोटातून, असंच म्हणावं लागेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत वर्षानुवर्षं काढलेला गोरा माणूस यकृत बिघडवूनच मायदेशी परतायचा आणि चेल्टनहॅमच्या झऱ्यांकाठी जाऊन राहायचा. तिसरा जॉर्ज राजा १७८८ मध्ये तिथे पाणी प्यायला गेला, तेव्हापासून त्या गावाचं नाव झालं होतं. ज्याला इतकं लांब जाता येत नव्हतं त्याच्यासाठी इकडे महाबळेश्वर आणि माथेरान वसवलं. महाबळेश्वरला हवा मिळाली, पण बुडबुड्यांचं पाणी कुठून आणणार? ते बाटलीतूनच यायचं. त्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भीती. आमच्या जिल्ह्यात तर पंढरपूर. वारीच्या दिवसांत पटकीची साथ पसरली की गावंच्या गावं हादरायची. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू पक्का केला तो १८८४ मध्ये. पण नदी-विहिरीच्या पाण्यापेक्षा बंद बाटलीतलं पाणी बरं, हे साहेबाला त्याआधीच पटलेलं होतं.

सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये. इथे लष्कराचा कँप होता, आजच्या सदर बझार भागात त्याच्या खुणा अजून दिसतात. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. मुंबईचा माल रेल्वेने सोलापुरात उतरायला लागला आणि त्याबरोबर औषधांच्या बाटल्याही उतरल्या. त्या काळच्या बाटल्यांची मला मनापासून चीड आहे. हॉलोवेच्या गोळ्या जगभर जाहिराती देऊन कुठल्याही रोगावर म्हणून विकल्या जायच्या, आत मुख्यतः कोरफडीसारखे रेचक. क्लोरोडाइन हे हिंदुस्थानात नोकरी केलेल्या कॉलिस ब्राऊन या लष्करी डॉक्टरचं औषध. ते पटकी-जुलाबांवर द्यायचे. त्यात अफूचा अर्क, भांग आणि क्लोरोफॉर्म. जुलाब थांबायचे, हे खरं. पण पटकीत शरीरातलं पाणी आणि मीठ निघून जातं ते भरून द्यावं लागतं, ते काम अफू करत नाही. शिवाय कित्येकांना त्याचं व्यसनच लागलं. माणूस तळमळत असताना त्याला नशा विकणं, याला मी धंदा म्हणत नाही.

त्या गर्दीत खरं उतरलं ते क्विनाइन. ज्याच्या सालीतून ते निघतं त्या सिंकोनाची झाडं दक्षिण अमेरिकेतून आणून निलगिरीवर १८६० नंतर लावली आणि पुढे बंगालमध्ये पोस्टातून एका पैशाला क्विनाइनची पुडी मिळू लागली. हिवतापात ती खरोखर जीव वाचवायची. कडू इतकं की गिळवत नाही, म्हणून साखर आणि सोडावॉटर घालून साहेब लोक ते प्यायला लागले. १८७० मध्ये श्वेप्स कंपनीने ते तयार बाटलीतच भरून विकायला काढलं.

आपल्याकडे झरे नव्हते असं मात्र कोणी समजू नये. वज्रेश्वरीजवळ तानसा नदीच्या काठी अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत, महाडजवळ सव, पालीजवळ उन्हेरे, किनवट तालुक्यात उनकेश्वर. माझी आत्या लालबागला राहायची. आजीचे गुडघे धरले की ती आजीला सोलापूरहून बोलावून घ्यायची आणि वज्रेश्वरीला न्यायची. मीही एकदा गेलो होतो. पाण्याला गंधकाचा वास, पहिल्यांदा पाय घातला की चटका बसतो, मग हळूहळू अंग सैल पडतं. आजी लुगडं आवरून कुंडाच्या पायरीवर बसायची, पंचा भिजवून गुडघ्यावर ठेवायची आणि शेजारच्या अनोळखी बाईला आपली सगळी दुखणी सांगायची. आधी देवीचं दर्शन, मग पाणी.  गरीब माणूस तिथे फुकट अंघोळ करू शकला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

बाटलीबद्दल लिहिलं नाही तर अण्णा मला माफ करणार नाहीत. साध्या बुचाला वायूचा जोर पेलत नाही, बूच वाळलं की गॅस जातो. त्यावर हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७० च्या सुमारास ही गोटीची बाटली काढली. मानेत आतून एक खाच, खाचेत रबरी वाशर. खाली दोन खोबणी, त्यांच्यावर काचेची गोटी. भरताना बाटली उलटी धरायची. गॅसचा दाब गोटीला वाशरवर इतका घट्ट बसवतो की बूच लागतच नाही, आतला वायूच दार लावतो. फोडताना लाकडी दट्ट्या ठेवून तळव्याचा एकच झटका द्यायचा. ओतताना खोबणीची बाजू खाली धरली की गोटी तिथे अडकून राहते, उलट्या बाजूने धरली की तोंडाशी येऊन बसते आणि सोडा येत नाही. नवी पोरं नेमकी तिथेच अडायची.

आमच्या यंत्राला लोखंडी पिंजरा होता. बाटल्या त्यात अडकवायच्या, झाकण लावायचं, सिलिंडरची चावी थोडी सोडायची आणि हँडल फिरवायचं. बाटल्या उलट्यासुलट्या होताना पाण्यात गॅस मुरतो. आजोबांच्या काळात सिलिंडर सहज मिळत नव्हते. तेव्हा शिशाचा मुलामा दिलेल्या भांड्यात खडूची पूड आणि गंधकाचं तेजाब घालून गॅस काढायचे. तेजाबाचा शिंतोडा उडाला की धोतराला भोक पडायचं. एकोणिसाव्या शतकात या भांड्यांतून सोड्यात शिसं उतरत असल्याचं आढळलं होतं, त्यामुळे जुनं सगळं चांगलं असं मी तरी म्हणणार नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की भरलेल्या बाटल्यांवर ओलं गोणपाट टाकून ठेवायचो. तरी एखादी फुटायचीच. अण्णांच्या डाव्या भुवईवर एक आडवा वण होता, झाकण नीट न लागलेल्या पिंजऱ्यातून उडालेल्या काचेचा. डोळा थोडक्यात वाचला. यंत्र फिरवणाऱ्या कामगारांना आम्ही मामा म्हणायचो, त्यांच्या दोन्ही हातांवर असे बारीक वण होते. पाच पैशांच्या ढेकरामागे हे हात होते. मुंबईच्या पालनजी किंवा पुण्याच्या अर्देशर यांच्या सोड्याचं कौतुक छापून येतं आणि ते व्हायलाच हवं. पण गावोगावच्या छोट्या सोडा फॅक्टऱ्यांत पिंजरा फिरवणाऱ्या माणसांबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून मी हे लिहितोय.

प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, मिल बंद पडल्या, आमची गाडीही थांबली. गोटीची बाटली मात्र संपलेली नाही. उत्तर प्रदेशात सासनीला ती अजून बनते आणि मकरसंक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, पुन्हा गोटी सोड्याचे स्टॉल दिसायला लागलेत.

तिथे प्यायला गेलात तर आधी बाटलीचं तोंड बघा. कडा टवका उडालेली असेल तर ती बाजूला ठेवायला सांगा, काचेची कणी पोटात जाणं परवडणारं नाही. वाशर काळं पडून चिकट झालं असेल तर तीही नको. पाणी आणि बर्फ कुठला, हे विचारायला लाजू नका, चांगला सोडावाला राग धरत नाही. बाटली फोडताना लहान पोरांना मागे उभं करा. जेवण जड झालं असेल तर खारा घ्या, काळं मीठ आणि जिरं घालून, एका दमात न पिता. आणि ढेकर आंबट येत असेल तर सोडा नको, ताक घ्या.