आईनंच टाकलंय, तर तुम्ही कशाला?

हा प्रश्न पुण्याची नणंद विचारते, डेअरीवर दूध घालायला आलेले भाऊ विचारतात, लस टोचायला येणारे डॉक्टरही हसत हसत विचारतात. शेळीनं टाकलेलं करडू मी बाटलीवर वाढवते. दर हिवाळ्यात असं एखाददुसरं निघतंच, आणि दर वेळी कोणी ना कोणी म्हणतंच, "जनावराला कळतं हो, कुठलं जगायचं नाही ते. आईनंच टाकलंय, तर तुम्ही कशाला मधे पडता?" आजवर हसून विषय बदलला. आता एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हे वाचायला देईन आणि माझ्या कामाला लागेन.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. मला दोन मुली आहेत, घर माणसांनी भरलेलं आहे, तेव्हा मी कसलीही पोकळी भरून काढत नाहीये. मी शाकाहारी नाही. यातले बोकड मोठे झाले की विकले जातात, बरेचसे बकरी ईदच्या आधी, आणि ते कुठे जातात हे मला पक्कं ठाऊक आहे. "मग वाचवता तरी कशाला?" हे पुढचं वाक्यही पाठ झालंय. पुढे विकायचाय म्हणून आज उपाशी मरू द्यायचा, हे गणित मला कधी सुटलं नाही. आणि परवडण्याचं विचाराल, तर नाही परवडत. अडीच-तीन महिन्यांत करडू पन्नास-साठ लिटर दूध सहज पितं. ते डेअरीत घातलं असतं तर चार पैसे आले असते. रात्रीच्या झोपेचा तर कोणी भाव करत नाही.

आता त्या "कळतं"बद्दल.

आमच्या तुळजापूर तालुक्यात घरोघरी उस्मानाबादी शेळ्या. काळ्या, काटक, आणि जुळं द्यायला एकदम तयार. कधी तिळंही होतं. शेळीला सड दोनच. तिसरं करडू मागे पडतं, थंडीत गारठतं, त्याला उठून प्यायची ताकद राहत नाही, आणि जे पीत नाही त्याच्याकडे शेळीचं लक्ष जात नाही. पहिलारू शेळी तर बावरलेलीच असते. कधी कास सुजलेली असते. करडानं तोंड लावलं की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, ती लाथ मारणारच. कधी व्यायला त्रास होतो, शेळी दमून पडते, आणि आपण चांगल्या मनानं करडू उचलून पुसून चुलीपाशी नेतो. तासाभरानं परत आणतो तेव्हा ते तिच्या लेखी परकं झालेलं असतं.

शेळी आपलं पिल्लू वासावर ओळखते, आणि हा वास मनात बसायचा वेळ फार थोडा असतो. १९६४ साली पीटर क्लॉपफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शेळ्यांवर प्रयोग करून दाखवलं की व्याल्याबरोबर पाच मिनिटं करडू आईजवळ राहिलं, तर नंतर ते काही वेळ दूर नेलं तरी ती परत घेते. ती पाच मिनिटंच मिळाली नाहीत तर बहुतेक शेळ्या ढुशी मारतात. म्हणजे बऱ्याचदा जे "कळतं" म्हणता ते एवढंच: वास लागला की नाही लागला.

हे मी आता शहाणपणानं सांगते. पहिल्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला होते. करडाला ढकलणारी शेळी दिसली की माझं डोकं फिरायचं. तिला खुंट्याला आखूड बांधायची, शिव्या घालायची, आई आहेस का कोण आहेस म्हणून विचारायची. आत्या दारातून म्हणायच्या, "अगं, तिला काय विचारतीस, तिला काय बोलता येतंय?" तेव्हाची मी आणि आज मला प्रश्न विचारणारे, दोघंही एकच धरून चालतो: शेळीनं काहीतरी ठरवलंय. मी म्हणायचे दुष्टपणानं ठरवलं, तुम्ही म्हणता शहाणपणानं.

आमच्या चंद्री शेळीचं दुसरं वेत होतं, संक्रांतीच्या आधीची थंडी. मध्यरात्र उलटल्यावर व्याली. आधी बोकड, मग बऱ्याच वेळानं पाठ, म्हणजे मादी करडू. मधल्या वेळात ती बोकडाला चाटत बसली, आणि पाठ मागे ओल्या जमिनीवर पडून राहिली. मी पोचले तोवर चंद्रीनं तिला एकदा हुंगून बाजूला सारलं होतं. कासेला लावली तर वळून ढुशी. पाठीच्या तोंडात बोट घातलं, गार. गार तोंडाच्या करडाला दूध पाजायचं नसतं, आधी ऊब द्यायची. म्हणून पोत्यात गुंडाळून गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवली, नाळेला आयोडीन लावलं, आणि मग चिकाच्या, व्याल्यावरच्या पहिल्या दुधाच्या, मागे लागले.

चीक मिळाला नाही तर बाकी सगळं फुकट. करडाला आईच्या पोटात असताना रोगांशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आणि ती आतड्यातून रक्तात जायचं दार पहिल्या दिवसातच बंद होत जातं. दोन किलोच्या करडाला पहिल्या चोवीस तासांत निदान २०० मिली तरी हवा. चंद्रीला बांधून काढला तो कमी भरला, म्हणून गावात जिची गाय दोन दिवसांपूर्वी व्याली होती तिच्या दारात पहाटे उभी राहिले. गाईचा चालतो. त्या वहिनी म्हणाल्या, "करडाला? मी तर आज खरवस लावणार होते." द्यायला त्यांनी दिला, पण गावभर सांगितलं. तेव्हापासून आमच्या फ्रीझरमध्ये चिकाच्या बाटल्या कायम असतात. गोठलेला चीक कोमट पाण्यात ठेवून सैल करायचा, गॅसवर नाही. उकळला की त्यात करडाला हवं ते मरतं आणि आपल्याला हवं ते तयार होतं.

पाठ तासाभरात मान वर करून बाटली ओढायला लागली. मान वर, जशी ती कासेखाली असते, हे महत्त्वाचं. करडू मान ताणून चोखतं तेव्हा दूध कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, टाळून सरळ चौथ्या कप्प्यात जातं. घाईनं घशात ओतलं तर भलत्या जागी जाऊन नासतं, नाहीतर फुप्फुसात उतरतं.

मी सगळा वेळ पाठीकडे पाहत होते. बोकडाकडे कोण बघतंय, त्याला आई होती. सकाळी लक्षात आलं की चंद्रीची कास ताठ आहे आणि बोकडाचं पोट खपाटीला गेलंय. तो कासेखाली जात होता, सड तोंडात धरत होता, आणि दूध नाकातून फेसासारखं बाहेर येत होतं. चंद्री त्याचं नाक चाटून पुसत होती. डॉक्टर आले, त्यांनी तोंड उघडून बॅटरी मारली. टाळू मधोमध उघडी. जन्मतःच.

नळीनं दूध सरळ पोटात घालता येतं. नळी माझ्याकडे होती. डॉक्टरांना विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, तुम्ही घालाल तितके. मी नळी वापरली नाही. मधे का पडता म्हणून विचारणाऱ्यांना हे सांगायचं राहून जातं की मधे न पडणंही मी केलंय, आणि ते दुसऱ्या रात्रीपर्यंत चाललं. चंद्री त्याला चाटून उठवत राहिली. तो गेल्यावरही तिनं कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

वाडीतले एक आबा, जन्म मेंढरांमागे गेलेला, सकाळी तिचं ओरडणं ऐकून आले. म्हणाले, "कातडं काढा त्याचं, त्या पाठीच्या अंगावर घाला. मेंढरात करतोच की आम्ही." मी नको म्हणाले. आत्या म्हणाल्या, "पुरून काय करणार हाईस त्याचं?" यावर मला काही बोलता आलं नाही. आबांनी गोठ्यामागे ते काम केलं, मी पाणी दिलं. चार पायांना भोकं पाडून अंगरखा घालावा तसं ते पाठीच्या अंगावर चढवलं. चंद्रीनं शेपटीपाशी हुंगलं. मग ती बारीक घुमली, शेळी फक्त आपल्या करडाशी तशी घुमते, आणि तिनं पान्हा सोडला.

तीन दिवसांनी आबांनी ते थोडं थोडं कापून उतरवलं, शेपटीकडचा तुकडा सगळ्यात शेवटी. त्यानंतर चंद्री कधी घ्यायची, कधी ढकलायची. बाटली अगदी सुटली नाही, पण रात्रीची तरी गेली.

आता हिशोब मांडा. टाळू फाटलेला तिनं धरला आणि धडधाकट पाठ टाकली. काय कळलं तिला? नणंदेला मी हे मोठ्या विजयानं ऐकवलं. ती म्हणाली, "कळलंच की. जो जास्त अडलेला, त्याला तिनं धरलं." यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. ती चूक आहे एवढं मात्र मी आजही म्हणते. पाठ मागे पडली होती, वास लागला नव्हता, बस्स. पण मेलेल्या लेकराचं कातडं पांघरून मीच त्या आईला फसवलं, आणि त्या फसवण्यावर माझी पाठ जगली, हे लिहिताना हात थोडा अडखळतो.

बाटलीवरच्या करडांचे तोटेही सांगते, नाहीतर म्हणाल लपवलं. त्यांना माणसाची भीती उरत नाही. बोकड असेल तर वयात आल्यावर लाडानं दिलेली ढुशी गुडघा फोडते. एकटं वाढवलं तर चरायला शिकत नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन ओरडतं. म्हणून मी त्यांना दुधापुरती जवळ घेते आणि लगेच बाकीच्या करडांत सोडते. मुलींना करडांची नावं ठेवू देत नाही. त्या ठेवतातच.

आत्यांचं म्हणणं निराळं आहे आणि मला तेच जास्त टोचतं. त्या म्हणतात, करडू वाचव, पण टाकणारी शेळी विक. जाणकारही हेच सांगतात, एकापेक्षा जास्त वेताला करडू टाकणारी ठेवू नये. चंद्रीनं पहिल्या वेतालाही एक टाकलं होतं. दूध तिचं चांगलं आहे, बोकड तिचे वजनदार होतात, असं मी म्हणत राहते. आत्या काही बोलत नाहीत, नुसतं बघतात.

ती पुन्हा गाभण आहे. विकायला हवी होती, यावर वाद नाही. फ्रीझरमध्ये चिकाच्या तीन बाटल्या आहेत, आणि दिवाळीला येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना आत्ताच सांगून ठेवते, त्यांचा खरवस होणार नाही.