दोन सैनिकांमधलं तीन फूट अंतर

गेल्या रविवारी माझ्या गेममधले २५६ भालाईत पहिल्यांदाच न विस्कटता काटकोनात वळले. रात्रीचा एक वाजून गेला होता. तेच वळण मी नऊ-दहा वेळा पुन्हा चालवून पाहिलं आणि मगच झोपलो.

दीड वर्ष झालं, नोकरीवरून आल्यावर रोज थोडा थोडा हा स्ट्रॅटेजी गेम लिहितोय. काळ अलेक्झांडरनंतरचा: मॅसिडोनिया, रोम, कार्थेज, पुढे मौर्य. लाकूड तोडणं, धान्य साठवणं, घरं बांधणं हे सगळं पहिल्या सहा महिन्यांत उरकलं. नंतरचं अख्खं वर्ष व्यूहरचनेत गेलं, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. शाळेत असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही पहिला एज ऑफ एम्पायर्स खेळायचो. १९९७ च्या त्या गेममध्ये फॉर्मेशन, म्हणजे सैन्याची रांगांमधली मांडणी, नव्हतंच. पन्नास जण निवडून क्लिक केलं की वाट फुटेल तसे निघायचे, वेगवान घोडेस्वार आधी पोचून मरायचे, पायदळ मागून यायचं. १९९९ च्या दुसऱ्या भागात रांगा आल्या तेव्हा मी पहिला अर्धा तास लढाई न करता नुसतं सैन्य इकडून तिकडे चालवत होतो.

माझं पहिलं फॅलँक्स, म्हणजे भालाइतांचा दाट रांगांचा व्यूह, हे नुसतं एक बटण होतं. दाबलं की माणसं चौकोनात उभी राहायची आणि त्यांचं संरक्षण दीडपट व्हायचं. चालत होतं, पण पटत नव्हतं. तो चौकोन नुसतं चित्र होता. शेजारचे सगळे मेले तरी उरलेल्या एकट्याचं संरक्षण दीडपटच राहायचं.

मग प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने केलेलं मॅसिडोनियन फॅलँक्सचं वर्णन वाचलं आणि ते बटण काढूनच टाकलं. तो सगळा हिशेब अंतराचा मांडतो. प्रत्येक माणसाला तीन फूट जागा. सरिसा, म्हणजे त्यांचा लांब भाला, चौदा हातांचा. त्यातला दहा हात धरणाऱ्याच्या पुढे. त्यामुळे पहिल्या रांगेच्या पुढे पाच रांगांची टोकं निघतात. सहाव्या रांगेपासून मागचे भाले उभे-तिरके धरायचे, वरून येणारे बाण-भाले त्यांवर अडतात. रोमन सैनिकाला तलवार फिरवायला दुप्पट जागा लागते, म्हणून एका रोमनासमोर दोन भालाईत आणि दहा टोकं येतात. संरक्षणाचा वेगळा आकडा लागतच नाही. भाल्याची लांबी आणि माणसांमधलं अंतर खरं ठेवलं की बाकीचं आपोआप घडतं.

आता माझ्या कोडमध्ये प्रत्येक सैनिकाला फक्त तीन गोष्टी ठाऊक असतात: माझी जागा कुठली, उजवीकडे कोण आणि पुढे कोण.

जागावाटपाने महिना खाल्ला. प्रत्येकाला जवळची रिकामी जागा दिली की शेवटच्या दहा-बाराजणांना लांबच्या टोकाची जागा उरते आणि ते सगळ्यांना छेदत पळतात. शेवटी साधा उपाय चालला: आधी पुढून मागे क्रम लावून सोळा-सोळांच्या रांगा पाडायच्या, मग प्रत्येक रांगेत डावीकडून उजवीकडे. वाटा एकमेकींना फारशा कापतच नाहीत.

वळणाचं उत्तर मात्र एनसीसीच्या मैदानावर मिळालं. कॉलेजात दोन वर्षं परेड केली होती. ‘खुली लाइन चल’, ‘निकट लाइन चल’ हे दोन हुकूम माझ्या गेममध्ये जसेच्या तसे बटणांवर आहेत, कारण अंतर वाढवणं आणि कमी करणं याला यापेक्षा नेमके शब्द मला सापडले नाहीत. ‘दाहिने घूम’ म्हटलं की उजव्या टोकाचा जवळजवळ जागेवरच पावलं टाकतो आणि डाव्या टोकाचा लांब ढांगा टाकतो. मी उंच असल्यामुळे नेहमी बाहेरच्या टोकाला असायचो, ती ओढ पायांना अजून आठवते. सोळाजणांची ओळ साधारण साडेतेरा मीटरची. काटकोनात वळताना आतल्याला काहीच चालायचं नाही, बाहेरच्याला एकवीस मीटर. म्हणून अख्ख्या वळणाचा वेळ बाहेरच्या माणसावरून ठरवला आणि बाकीच्यांचा वेग आतल्या स्थिर टोकापासूनच्या अंतराच्या प्रमाणात ठेवला. वळताना भाले उभे. तेवढा वेळ समोरून कोणी आलं तर ती तुकडी उघडी असते, आणि बगलेवर हल्ला झाला की तिकडे असंच वळावं लागतं, म्हणून त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागला नाही.

ग्रीक हॉप्लाइटांसाठी, म्हणजे ढाल-भालावाल्या जड पायदळासाठी, एक गोष्ट मुद्दाम घातली. ढाल डाव्या हातात, त्यामुळे माणसाची उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड. इ.स.पू. ४१८ च्या ग्रीसमधल्या मँटिनीयाच्या लढाईबद्दल लिहिताना ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस म्हणतो की भीतीपोटी प्रत्येकजण उजवीकडच्याला चिकटतो आणि सगळं सैन्य उजवीकडे सरकत जातं. मी प्रत्येक पावलाला थोडंसं उजवीकडे सरकणं दिलं. दोन सैन्यं समोरासमोर चालवली तर दोघांचीही उजवी बाजू समोरच्याच्या डावीपलीकडे गेली. असं व्हा म्हणून कुठेही लिहिलं नव्हतं. अंगावर काटा आला.

दिवाळीत भाचा आला होता, नववीत आहे. त्याला काही न सांगता खेळायला बसवलं. त्याने फॅलँक्स सरळ ओढ्याच्या उतारावरून नेलं. उतारावर पुढची रांग वाकली, मध्ये दोन ठिकाणी माणूसभर फट पडली आणि रोमन त्यातून आत शिरले. भाल्याच्या टोकाच्या आत आलेल्या माणसाचं सरिसा काही करू शकत नाही. इ.स.पू. १६८ मध्ये रोम आणि मॅसिडोनियाच्या पिडनाच्या लढाईत हेच झालं होतं: उंचसखल जमिनीवर फॅलँक्समध्ये फटी पडल्या आणि रोमन सेनापती एमिलियस पॉलसने छोट्या तुकड्या त्या फटींत घुसवल्या. भाच्याला पिडना माहीत नव्हतं. तो स्क्रीनजवळ वाकला आणि म्हणाला, “मामा, इथे जागा पडली बघ.” दुसऱ्या डावात त्याने आपणहून सपाट माळ शोधला.

आता हत्ती. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तही व्यूह मांडताना अंतराचा हिशेब आहे. पायदळापेक्षा घोड्यांमध्ये तिप्पट, रथ आणि हत्तींमध्ये त्याहून जास्त. ती प्रमाणं मौर्यांसाठी घातली आहेत. पण आधी रोम आणि कार्थेजमधली झामाची लढाई सोडवतोय. तिथे इ.स.पू. २०२ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने तुकड्यांमध्ये सरळ गल्ल्या ठेवल्या आणि कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचे बरेच हत्ती त्यांतून मागे निघून गेले. माझे हत्ती गल्ली सोडून जवळच्या शत्रूकडे वळायचे, कारण मी त्यांना सैनिकासारखंच लक्ष्य शोधायला शिकवलं होतं. परवा ते बदललं. बिथरलेला हत्ती आता शत्रू शोधत नाही, मोकळी वाट शोधतो. काल रात्री आठातले पाच गल्लीतून सरळ निघून गेले. तीन अजून कडेच्या रांगेत घुसतात, बहुधा गल्ली त्यांच्या अंगापेक्षा अर्धा मीटर अरुंद पडतेय.